वजनाचा रकाना

घर,
५ फेब्रुवारी

चि. धाकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा पोचल्याचा फोन मिळाला. सव्वा मिनिट बोललो आणि भांडलो नाही, म्हणजे आपला करार अजून टिकून आहे. फोन फक्त पोचल्याचा, बाकी सगळं कागदावर. मागच्या वर्षी पंख्याच्या दुरुस्तीवरून तू फोन आपटलास आणि मी आठ दिवस जेवताना तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. त्यापेक्षा हे बरं. कागदावर निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

आता ऐक. तुमच्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांच्या संघाचं पत्र आलंय. तुमचा एकत्र काढलेला आरोग्य विमा एकतीस मार्चला संपतोय आणि पुढे चालू राहणार नाही. संघात अकराच माणसं उरलीत, त्यातली सहा आजारी, म्हणून कंपनीने हात वर केले. ज्याने त्याने आपलं बघावं. आणि बंदराच्या कचेरीचंही पत्र आहे. एप्रिलपासून नऊ महिने तिथले सगळे वजनकाटे तपासायचं काम तुलाच दिलंय, पण चालू विम्याचा कागद दाखवल्याशिवाय फाटकातून आत घेणार नाहीत. म्हणजे विमा नाही तर बंदर नाही, आणि बंदर नाही तर या वर्षी तुझ्या हाताला दुसरं मोठं काम नाही. नोकरीवाल्यांना त्यांची कचेरी विमा निवडून देते. तुझी कचेरी म्हणजे तुझी हत्यारांची पेटी, आणि पेटीला अक्कल नसते, म्हणून मी आहे.

एकाच कंपनीच्या दोन पुस्तिका मागवल्या. एकीला मी घरची म्हणते. आपल्या जिल्ह्यातली रुग्णालयं, हप्ता बेताचा, बाहेरगावी मात्र जिवावर बेतलं तरच खर्च देणार. दुसरी फिरती. कुठेही आजारी पडा, यादीतलं रुग्णालय गाठा, पैसे कंपनी भरेल. हप्ता अर्थातच जड. दोन्ही लाल पेन्सिल हातात घेऊन वाचल्या. छापखान्याची प्रुफं वाचण्यात जन्म गेला, आता सवय जात नाही. घरचीत नवव्या कलमावरून थेट अकराव्यावर उडी आहे. दहावं कुठे गेलं म्हणून कंपनीला कळवलंय. तरी माझं मत घरचीलाच. दुखलं-खुपलं तर माणसाने घरी यावं.

फॉर्म सोबत आहे. उंची, वजन, आधीचे आजार, सगळं भर. एकही रकाना मोकळा सोडू नकोस. सही करून माझ्याकडे पाठव, मी नजर टाकून पुढे टाकते. कालपासून जिवाला स्वस्थता नाही. प्रूफ वाचायला बसते आणि चार ओळींनी उठते.

तुझ्यावर लोभ आहेच. वेळेवर उत्तर देऊन तो टिकव.

तुझी,
ताई


धान्याचं कोठार, पाहुण्यांची खोली,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. खोली बरी आहे. एक खाट, एक टेबल, आणि भिंतीपलीकडे दिवसभर धान्य घसरल्याचा आवाज. पहिले दोन दिवस वाटलं पाऊसच लागलाय. आता आवाज थांबला की दचकायला होतं. इथल्या सात काट्यांपैकी पाच झाले. सहावा लबाड आहे. सकाळी खरं बोलतो आणि दुपारी ऊन चढलं की दोन किलो चढवून सांगतो. त्याच्या पोटात शिरून बसलोय.

तुझी घरची पॉलिसी मला नको. रागावू नकोस, डायरी काढून मोजलं. मागच्या वर्षी मी घरी झोपलो एकाहत्तर दिवस. म्हणजे घरची घ्यायची तर आजाराला सांगायला हवं की बाबा रे, यायचं तर त्या एकाहत्तरांत ये. आणि जिवावर बेतलं की नाही हे ठरवणार कोण? दोन वर्षांपूर्वी खाणीवर ताप भरला होता तेव्हा दवाखान्याच्या बाकावरून मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं की रुग्ण शुद्धीवर आहे का. रुग्ण मीच, असं सांगितल्यावर ती म्हणाली की मग हे तातडीचं नाही. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

फॉर्म भरून पाठवतोय, फिरतीवर खूण केली आहे. उंची आईने दारावर मारलेल्या रेघेवरून आठवून लिहिली. तेव्हापासून वाढलो नसेन. वजनासाठी इथल्या भुईकाट्यावर उभा राहिलो. ट्रक यायचे होते, साठ टनांचा लोखंडी पाट रिकामा आणि त्याच्या मधोमध मी एकटा. कोठीतला वजनवाला खिडकीतून हसत होता. आकडा आला सत्तर, तोच लिहिलाय. आधीच्या आजारांत लिहिलंय, काही नाही. कारण काही नाहीच.

उन्हाळा आत्ताच लागलाय की काय कोण जाणे, घशाला कोरड पडते. बाकी ठीक. बंदराचं पत्र जपून ठेव. इतकं मोठं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही, आणि पुन्हा देईल असं वाटत नाही.

मोठेपणाने चूक पोटात घालावी आणि आठवण ठेवावी.

तुझा,
धाकू


घर,
१९ फेब्रुवारी

चि. धाकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फॉर्म मिळाला आणि माझी झोप उडाली. तुझा संघातला तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म मी भरून दिला होता, त्याची प्रत माझ्या फायलीत आहे. त्यात वजन ऐंशी. आज सत्तर. मधले दहा किलो कुठे ठेवून आलास?

मग एकेक आठवायला लागलं. मागच्या खेपेला तुझ्या दोन पँटी मी कमरेत आत घेतल्या. तू म्हणालास की धुऊन धुऊन सैल झाल्या. कापड धुऊन आटतं, सैल झालेलं मी जन्मात पाहिलं नाही, आणि तरी हसले. जेवताना तू दोन बाटल्या पाणी संपवलंस, तेव्हा तुला चिडवलं की विहीर घेऊन फिर. माझा दाभणही कितीतरी दिवस दिसत नाही. तो कशाला लागला तुला? आणि घशाला कोरड फेब्रुवारीत? तुझ्या आणि माझ्या गावात उन्हाळा एकाच दिवशी लागतो, इथे मी अजून पांघरूण घेतेय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते तुला बघून. सात काट्यांमध्ये बसलायस आणि स्वतःचं वजन करायला ट्रकच्या काट्यावर जातोस. पोत्यांचा काटा असेल ना तिथे? त्यावर उभा राहा. चपला काढून, खिसे रिकामे करून, पाने-पकडी बाजूला ठेवून. जो आकडा येईल तो मला जसाच्या तसा कळव.

तोवर पाकीट माझ्या कपाटात राहील. फिरती की घरची हा वाद नंतर.

उत्तराची वाट बघत गेटपर्यंत फेऱ्या घालणारी,
ताई


कोठार,
२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी तुला धंद्यातली गोष्ट समजावतो. भुईकाटा दहा-दहा किलोंच्या पायरीने चढतो, आणि तुझ्या फायलीतले ऐंशीही मी असल्याच भुईकाट्यावर भरलेले. मी पंच्याहत्तरच्या जरा वर असलो तर तो ऐंशी दाखवेल, जरा खाली असलो तर सत्तर. म्हणजे तुझे ते दहा किलो खरं पाहता दोनशे ग्रॅमही असू शकतात. हे इथपर्यंत लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला गेलो. परत आलो, तुझं पँटींचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि उठून पोत्यांच्या काट्याकडे गेलो.

सहासष्ट किलो चारशे ग्रॅम. काटा मीच सकाळी तपासून शिक्का मारलेला, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

दाभण माझ्याकडे आहे. पट्ट्याला तीन भोकं पाडली, एकदम नाही, दीड वर्षात एकेक. तहान लागते हे खरं. पाय दुपारनंतर बधिर होतात, ते मी उभ्याच्या कामावर ढकलत होतो. तुला आता सगळं सांगितलंय, तेव्हा वाचताना उठून फेऱ्या मारू नकोस.

पुढचं मात्र शांतपणे ऐक. इथे एक विमेवाला येतो, कोठारातल्या हमालांचे विमे त्यानेच काढलेत. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला की जे कागदावर नाही ते कंपनीला दिसत नाही. मी डॉक्टरकडे गेलेलो नाही, तपासणी नाही, म्हणजे आज तरी मला कुठलाही आजार नाही. आज गेलो आणि काही निघालं तर कंपनी नाही म्हणेल, आणि मग बंदर गेलं. एप्रिलमध्ये बंदरावर पोचतो, महिनाभर काम करतो, मग जे काय आहे ते तपासतो. कोणी विचारलं तर तेव्हाच कळलं म्हणायचं. फॉर्म तुझ्याकडे आहे, त्यावर माझी सही आहे. वजनाच्या रकान्यात सत्तर आहे ते असू दे. पाकीट टाक.

मी खोटं बोलतोय असं नाही. फक्त थोडा उशिरा खरं बोलणार आहे.

लहानावर रोष धरू नये.

तुझा,
धाकू


घर,
४ मार्च

चि. धाकूस,
आशीर्वाद. वि. वि.

पाकीट टाकलं नाही. फॉर्म फाडला. कोरा सोबत आहे.

गेल्या वर्षी खाणमालकाचा काटा चाळीस किलो चुकत होता. तो म्हणाला की दगडांच्या ट्रकला चाळीस किलो म्हणजे धूळ, शिक्का मार, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघतो. तू मारला नाहीस. घरी येऊन मला ते इतकं रंगवून सांगितलंस की मी दोनदा ऐकलं. तो धाकू आणि हे पत्र लिहिणारा धाकू एकच आहेत का, एवढंच मी विचारणार होते. दोन पानं तसं लिहिलंही. मग वाटलं, मी कोणत्या तोंडाने विचारतेय.

तुला एक सांगायचं आहे. नऊ वर्षं झाली, सांगायचं राहिलं असं नाही, मी सांगितलं नाही.

तुझे भाऊजी गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की विमा कंपनीने फसवलं. कंपनीने फसवलं नव्हतं. ह्यांना रक्तदाब होता, चार वर्षांपासून गोळ्या चालू होत्या. आमच्याही पाठीशी कुठली कचेरी नव्हती, तसबिरींना चौकटी करायचं ह्यांचं दुकान, विमा आपला आपणच काढलेला. फॉर्म भरताना विमेवाला म्हणाला की कशाला लिहिता, लिहिलंत तर हप्ता चढेल. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन माझ्या हातात होतं, कारण घरात सुवाच्य अक्षर माझं. आधीच्या आजारांच्या रकान्यात मी लिहिलं, नाही. लोकांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईने हे लिहिलं.

चौकटी पोचवायला आम्ही त्या परगावी गेलो होतो आणि तिथे ह्यांचं अर्धं अंग गेलं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्याने ह्यांच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहिली, फॉर्म पाहिला आणि शांतपणे निघून गेला. तिसऱ्या दिवशी नकार आला. हे रोज डोळ्यांनी विचारायचे की कागद आले का. मी सांगायचे की आले, सगळं नीट आहे, तुम्ही पडून राहा. पाचव्या दिवशी डॉक्टर नको नको म्हणत असताना मी ह्यांना घरी आणलं, कारण तिथे ठेवायची ऐपत संपली होती. ह्यांना वाटलं बरं वाटतंय म्हणून नेताहेत. गाडीत हसले माझ्याकडे बघून. नंतर सहाच दिवस. तू दिवसकार्यात कंपनीला शिव्या घातल्यास आणि मी त्या घालू दिल्या.

तेव्हा मी घरची पॉलिसी का धरून बसले होते ते कळलं असेल. परगावच्या रुग्णालयाची मला भीती वाटते. ती निवड मी माझ्या भीतीसाठी करत होते, तुझा त्यात काही संबंध नव्हता. तुझं म्हणणं बरोबर आहे, तू जिथे असतोस तिथला विमा हवा. फिरतीच घे. पण उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा आणि जे निघेल ते कागदावर लिही. बंदर गेलं तर गेलं. तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण, निदान खोटी विहीर नको.

हे वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. रक्त तपासल्याची चिठ्ठी तेवढी पाठव.

ताई


कोठार,
११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

माझी सही असलेला कागद फाडायचा अधिकार तुला कुणी दिला, अशी सुरुवात करून मी एक पत्र लिहिलं होतं. ते टाकलं नाही. मीही फाडलं, म्हणजे फिट्टंफाट.

भाऊजींचं काय लिहू कळत नाही. तीन दिवस त्या लबाड काट्यात डोकं घालून बसलो. राग आला तुझा, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षं मी त्या कंपनीच्या पाटीखालून जाताना थुंकत होतो. पण डोळ्यांसमोर येत राहिली ती गाडी. भाऊजी हसताहेत आणि तू त्यांच्याशेजारी बसली आहेस, आणि मला त्यातलं काहीच माहीत नाही. एकटीने वाहायला नको होतंस.

काल गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. साखर निघाली. उपाशीपोटी दोनशे ऐंशी. हे माझ्यात दोन-तीन वर्षं मुक्कामाला असावं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या काट्यावर वजन भरलं सहासष्ट किलो शंभर. तो काटा मी मागच्या वर्षी शिक्का मारून दिलेला, तेव्हा आकडा पक्का. म्हणजे दोन आठवड्यांत आणखी तीनशे ग्रॅम उतरलं. गोळ्या दिल्या आहेत, चालायला सांगितलंय, आणि एक गोष्ट बजावली आहे. महिन्याभरात वजन उतरायचं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर दुखणं नुसत्या साखरेचं नसेल, मोठ्या रुग्णालयात जाऊन पोट तपासावं लागेल.

नवा फॉर्म भरला आहे. वजन सहासष्ट किलो शंभर. आधीचे आजार, साखर, दहा मार्चला कळली. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. खूण फिरतीवर. विमेवाल्याने तो पाहिला आणि मी डोक्यावर पडलोय की काय अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

टाक किंवा फाड. पण फाडलास तर आधी कळव.

तुझा,
धाकू


घर,
२२ मार्च

चि. धाकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कंपनीचं उत्तर आलं. विमा द्यायला तयार आहेत. हप्ता वाढवलाय, आणि साखरेतून उद्भवणाऱ्या कुठल्याही दुखण्याला पहिली दोन वर्षं एक पैसा मिळणार नाही. बाकीच्या आजारांना तीस दिवसांनंतर, अपघाताला पहिल्या दिवसापासून. वाईट बातमी आहे असं वाटलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. जे देणार नाहीत ते त्यांनी आधीच सांगितलंय. ते नंतर रुग्णालयाच्या दारात कळलं की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

पैसे भरले, कार्ड सोबत आहे. बंदराजवळची तीन रुग्णालयं त्यांच्या यादीत आहेत. छापलेल्यावर माझा विश्वास नसतो, म्हणून तिन्हीकडे फोन केला. पहिलं चार वर्षांपूर्वी बंद पडलंय. तिथे फर्निचरचं दुकान आहे आणि त्या माणसाने मला सोफा हवाय का विचारलं. दुसरं फक्त डोळ्यांचं. तिसरं मात्र खरं आहे, फाटकापासून वीस मिनिटांवर. तिथल्या बाईंनी हे कार्ड चालतं म्हणून सांगितलं. त्यांचं नाव मी विचारून ठेवलंय. नंबर कार्डाच्या मागे चिकटवला आहे, तो काढू नकोस.

आता माझ्या मनातलं. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. दोन दिवसांचा प्रवास, खारं पाणी, ओळखीचं कुणी नाही, आणि ती पोटाची तपासणी डोक्यावर टांगलेली. महिनाभर घरी राहा, वजन थांबू दे, मग जा, असं मी बंदराच्या कचेरीत विचारूनही पाहिलं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की एक तारखेला हजर नसाल तर दुसरा माणूस तयार आहे. तुझ्या परवानगीशिवाय विचारलं, हे आत्ताच कबूल करते. हल्ली लपवाछपवी बंद केलीय.

जाणारच आहेस, तर दर सोमवारी वजन कर आणि कळव. मी फायलीत रकाने आखून ठेवलेत.

गोळ्या विसरल्यास तर आपला लोभ मोडला समज.

तुझी,
ताई


बंदर, कामगारांची इमारत, दुसरा मजला,
१५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधीचे सोमवार प्रवासात आणि हजेरीच्या गडबडीत बुडाले. या सोमवारी आपला करार मोडून मी तुला फोन केला आणि ओरडून सांगितलं की बंदराच्या दवाखान्यात माझं वजन सदुसष्ट किलो तीनशे भरलं, म्हणजे एक किलो दोनशे वाढलं. तू रडलीस. मग शेजारणीला हाक मारून सांगितलंस, तेही फोनवर ऐकू आलं. मी खोलीवर येऊन खाटेवर हातपाय पसरून पडलो. इथे आल्यापासून पहिल्यांदा खिडकीतून जहाजं बघितली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठ थोपटली होती, पोटाच्या तपासणीची गरज नाही म्हणाले होते.

त्या काट्यावर उभं राहण्याआधी मी तो तपासला नव्हता. ताई, मी काटा बघितला की आधी त्याच्या पायाखाली बोट घालून बघतो, दुकानात साखर घ्यायला गेलो तरी. त्या दिवशी नाही बघितलं. आकडा आवडला आणि मी उतरून आलो.

दुपारपासून चैन पडेना. तू म्हणशील हा आजार साखरेहून जुना आहे. पट्टा त्याच भोकात होता, आणि एक प्रश्न मला छळत होता. एक किलो दोनशे वाढलं तर ते कुठे आहे? जेवताना स्वतःलाच सांगितलं की असेल कुठेतरी, दंडात असेल. तुझा आवाज कानात होता, शेजारणीला सांगतानाचा. विचार केला की महिनाभर असंच चालू दे. पुढच्या वेळेपर्यंत खरोखर वाढेल, मग हा काटा हळूच नीट करीन, कुणाला कळणारही नाही. आणि तेव्हा मला कळलं की त्या परगावच्या खोलीत तू भाऊजींना कागद आले असं कसं सांगितलंस. फार काही करावं लागत नाही. समोरचं माणूस खूश असतं आणि आपण गप्प राहतो.

काल माझी वीस-वीस किलोंची तीन प्रमाण वजनं दवाखान्यात नेली. तीन खेपा केल्या, एकेक करून, शपथ. तिन्ही मिळून साठ किलो त्या काट्यावर ठेवली. त्याने साठ किलो नऊशे दाखवलं.

डॉक्टर म्हणाले की राहू द्या हो, नऊशे ग्रॅमने काय होतं. मी काटा उघडला. आतला एक स्क्रू झिजला होता, वीस मिनिटांचं काम. शिक्का मारला आणि पुन्हा चपला काढून उभा राहिलो. सहासष्ट किलो चारशे. त्यांच्याकडून फाइलवरचा आकडा दुरुस्त करून घेतला. मग ते म्हणाले की वाढ थोडी आहे, पण उतरायचं थांबलं हे नक्की. आणखी एक महिना बघू, तोवर पोटाची तपासणी पुढे ढकलू. रद्द केलेली नाही, हेही लक्षात ठेव. मी ठेवलंय.

तेव्हा फोनवर सांगितलेलं खोटं होतं. वाढलं ते तीनशे ग्रॅम. शेजारणीलाही सांग. आनंद उतरेल, मला माहीत आहे, माझाही उतरला. पण हे तीनशे ग्रॅम मी स्वतः तपासलेले आहेत.

जिथे आहेस तिथून पाठीवर हात असू दे.

तुझा,
धाकू


घर,
२२ एप्रिल

चि. धाकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात. सदुसष्ट तीनशे खोडून सहासष्ट चारशे केलं, समासात तारीख घातली. शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली की एवढ्यासाठी पत्र लिहिलं का त्याने. मी हो म्हटलं.

पेन्सिल हातात होतीच. कपाटातून ह्यांच्या विम्याच्या फॉर्मची प्रत काढली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या रकान्यातलं माझ्या अक्षरातलं ‘नाही’ खोडलं आणि वर ‘होय’ लिहिलं. उपयोग काहीच नाही. तरी लिहिलं, आणि आज पहिल्यांदा सलग आठ पानं प्रूफ न उठता वाचलं.

तिसऱ्या रुग्णालयात पुन्हा फोन केला होता. सोबतीच्या माणसाला खाट मिळते म्हणाले. पुढचं वजन मी समोर उभी राहून बघणार आहे.

येईपर्यंत असाच लोभ ठेव.

ताई